पायांना कळणारी वाट

दुपारी दीडच्या सुमारास ती कामावरून परतली, तेव्हा तिच्या घराच्या कुंपणभिंतीशी एक परका माणूस उकिडवा बसला होता आणि भिंतीशी बोलत होता.

"जरा दम धर... मूळ सोड... हां, असं."

हातात बोथट चाकू, गुडघ्यांना माती, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू कुणाच्या डोळ्यातलं कुसळ काढतोय.

"ओ, काय चाललंय तिथे?" तिने विचारलं.

त्याने मान न वळवताच ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. घाबरेल तो."

"कोण?"

तो बाजूला सरकला. भिंतीच्या फटीत करंगळीएवढा नेचा उगवला होता. त्याच्या टोकाशी एक हिरवी गुंडाळी होती, लहान बाळाच्या मुठीसारखी घट्ट, आणि ती मूठ अर्धवट उघडली होती. सिमेंट, चुना, ऊन... आणि त्यातून हे. तिचं भांडण घशातच राहिलं.

"मी अठ्ठावीस वर्षं राहतेय या घरात," ती म्हणाली. "हा कधी आला?"

"तो आला असेल दोनेक महिन्यांपूर्वी. तुम्ही आज आलात." त्याने हात झटकले. "शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे कुंड्या पोचवायला आलो होतो. उद्या ते त्यांच्या बाजूने ही भिंत रंगवणार आहेत म्हणे. रंगाखाली मरेल बिचारा. म्हटलं, उचलावा."

"दुसऱ्याच्या भिंतीवरून न विचारता काही उचललं, तर त्याला चोरी म्हणतात."

"बरोबर. मग विचारतो. नेऊ?"

"न्या," ती म्हणाली. दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. "नाही... नको. माझा आहे तो."

"पाच मिनिटांपूर्वी तुम्हाला माहीतसुद्धा नव्हता."

"आता झालाय ना."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा, हे तिने पाहिलं आणि आपण पाहिलं याचा तिला राग आला. "मग लावायला जागा दाखवा," तो म्हणाला.

जागेची वानवा नव्हती. घरामागे चाळीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद मोकळं अंगण होतं. निम्मं फुटक्या फरश्यांचं, निम्मं टणक मातीचं. एक पाण्याची टाकी, गंजलेलं जुनं वॉशिंग मशीन, आणि काट्यांशिवाय कधी काही न दिलेलं एक लिंबाचं झाड.

तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "कोण आहे गं, साहेब?"

साहेब म्हणजे तीच. लहानपणी घरभर हुकूम सोडत हिंडायची म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. आई गेल्यानंतर घरात ती दोघंच. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू चाळीस वर्षं नुसत्या चिमट्याने बसवले त्यांनी. काचबिंदूने आधी एक डोळा नेला आणि दीड वर्षापूर्वी दुसरा. त्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते, आणि ती सकाळी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची, दुपारी धावत घरी यायची. मैत्रिणींनी बोलावणं सोडलं होतं. स्थळं आली तशी परत गेली होती. तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, किंवा वाटायला वेळ नव्हता.

"रोपवाटिकेतले आहेत, बाबा. नेचा लावतायत."

"माळीबुवा का? लावू दे. आपल्याला काय दिसतंय."

त्याने चमकून खिडकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. टाकीच्या सावलीत, ओलसर जागी, त्याने तो नेचा इतक्या हळुवारपणे लावला की ती उन्हात बघत उभी राहिली आणि बाबांच्या जेवणाची वेळ टळून गेली.

पुढच्या रविवारी तो न बोलावता आला.

"मी या अंगणात डोळे मिटून चालून बघू का?" दारातच त्याने विचारलं.

"का?"

"बाग कुणासाठी करायची ते ठरलंय माझ्या डोक्यात. पण ते कसे चालतील ते मला माहीत नाही."

"बाग करायचं कधी ठरलं?"

"ठरलं नाहीये. म्हणून तर विचारायला आलो, साहेब."

ते नाव त्याच्या तोंडून ऐकून तिचे कान तापले. त्याने गळ्यातला रुमाल डोळ्यांवर बांधला, आठ पावलं नीट चालला आणि नवव्या पावलाला नडगी टाकीवर आपटली. कळवळून तो एका पायावर नाचला, आणि ती हसली. इतकी हसली की खिडकीतून बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" फार दिवसांनी त्या घरात कुणीतरी असं काही विचारलं होतं.

"आता तुम्ही," तो रुमाल पुढे करत म्हणाला.

तिने डोळे बांधले. पहिली दोन पावलं नुसती भीती. मग... हळूहळू अंगण उलगडायला लागलं. डाव्या गालावर ऊब आली. भिंत दिवसभर ऊन पिऊन बसली होती. उजवीकडून गार, शेवाळी वास, तिथे टाकी. पायाखाली फरशी संपली तिथे आवाज मऊ झाला. वर लिंबाच्या पानांची कुजबुज, इतकी बारीक की डोळे उघडे असताना ती कधी ऐकूच आली नव्हती. चाळीस पावलांत एवढं सगळं होतं? ती स्वतःच्याच घरामागे एखाद्या अनोळखी गावात आल्यासारखी उभी राहिली.

कोपराला एक हात लागला. "बस. उजव्या हाताला टाकी आहे."

"कळलं मला," ती म्हणाली. "वास आला."

"मग सोडू हात?"

तिने उत्तर द्यायला अंमळ उशीर केला.

त्या दिवसापासून दर रविवारी, आणि मग मधल्या वारीही, तो येऊ लागला. त्याच्या डोक्यातून कल्पना अशा निघायच्या की तिला लिहून घेताना धाप लागायची. वाट सरळ नको, आणि एकसारखी तर मुळीच नको. दारापासून दहा पावलं खडी, म्हणजे पायाखाली करकर वाजेल. पुढे विटा, कडक आणि गुळगुळीत. शेवटी लाकडाचा भुसा, पाऊल मऊ पडलं की समजायचं, बाकडं आलं. वाटेला कमरेएवढ्या उंचीवर एक दोर. दोराला एक गाठ लागली की हाताशी पुदिना, दोन गाठी म्हणजे गवती चहा, तीन गाठी म्हणजे मरवा.

"वाकायला नको त्यांना," तो म्हणाला. "वाफे उंच करू. घरात जुनं कपाट आहे?"

कपाटाचे खण निघाले, त्यांना पाय लागले. गंजलेल्या वॉशिंग मशीनचं पिंप त्याने उघडलं तेव्हा तर तो लहान मुलासारखा हरखला. "हे बघा. तळाला, बाजूंना, सगळीकडे भोकं. निचरा होण्यासाठी याहून चांगली कुंडी कुणी बनवून दाखवावी."

"आमची आई यात चादरी धुवायची."

"आता मोगरा धुवेल," तो म्हणाला.

न्हाणीघराचं पाणी त्याने कर्दळीच्या वाफ्यातून फिरवलं. स्वयंपाकघरातली सालं-देठं भोकं पाडलेल्या माठात, वाळक्या पानांचा थर देत साठवायला लावली. पहिल्या आठवड्यात ती नाक मुरडत होती. सहाव्या आठवड्यात तिने त्या माठात हात घातला आणि काळी, भुसभुशीत, उबदार माती बाहेर आली. वास नाही. बटाट्याच्या सालींचं नावनिशाण नाही. ती तशीच ओंजळ धरून उभी राहिली. कुणी केलं हे, कधी केलं?

आणि मडकी. साधी, बिनचकाकीची मडकी त्याने वाफ्यांमध्ये गळ्यापर्यंत पुरली होती, पाण्याने भरून वर झाकण ठेवलं होतं. "मडक्याला घाम येतो," त्याने सांगितलं होतं. "मुळांना जेवढी तहान तेवढंच पाणी जातं." तिला हे थापा मारल्यासारखं वाटलं. मग एकदा मडकं बदलताना त्याने ते अलगद उपसून तिच्या हातात दिलं. मडक्याभोवती पांढऱ्या मुळांचं जाळं बसलं होतं. केसांहून बारीक, हजारो, चहूकडून येऊन बिलगलेली.

"कुणी सांगितलं यांना, इथे पाणी आहे म्हणून?" तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

"ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "पण ज्याला हवं असतं ना, त्याला रस्ता सापडतो बहुतेक." बोलून झाल्यावर तो उगीचच पाण्याची झारी शोधायला लागला. झारी त्याच्या हातातच होती.

त्याच संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "आता मी एक दाखवते. बसा इथे."

प्रयोगशाळेने टाकून दिलेला एक जुना सूक्ष्मदर्शक तिच्याकडे होता. जास्वंदीच्या फुलातले पिवळे परागकण काचेवर टेकवून तिने भिंगाखाली ठेवले, चक्र फिरवून चित्र स्पष्ट केलं आणि खुर्ची सोडली.

तो वाकला. आणि गप्प झाला.

हा माणूस गप्प बसलेला तिने पाहिला नव्हता. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंगाखाली सोन्याचे गोळे पडले होते, प्रत्येकावर नीट, सारख्या अंतरावर उभे असलेले काटे. एकेक गोळा म्हणजे जणू एकेक ग्रह.

"पंधरा वर्षं," तो अखेर म्हणाला, "ही धूळ मी पँटला पुसतोय."

त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. रोज शेकडो लोकांचं रक्त ती याच भिंगातून पाहत होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपणही काही रुक्ष काम करत नाही.

पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते बाबा खुर्चीतून उठायला तयार नव्हते.

"बहिऱ्यापुढे गाणं आणि आंधळ्यापुढे नाच," ते म्हणायचे. "तुमची हौस आहे, करा. मला आत बरं आहे."

ती एकदा चिडून बोलली, एकदा रडून. काही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी माळीबुवा रोपांचा एक ट्रे घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेला.

"काका, माझं एक काम अडलंय. ही ओव्याची आणि मरव्याची रोपं आहेत, दोन-दोन पानांची. एकेक सुटी करून नव्या मातीत लावायची आहेत. माझी बोटं जाड. दहातली चार मोडतात."

"मग मी काय करू?"

"तुमच्याकडे चिमटा आहे, असं साहेब म्हणत होत्या."

बाबांनी हात लांब करून खिडकीतला लाकडी डबा ओढला. दीड वर्षात तो उघडला नव्हता. चिमट्याच्या टोकाने त्यांनी मातीचा अंदाज घेतला, एका रोपाला खालून उचललं, बोटाच्या पेराने त्याचं मूळ चाचपलं. केसाएवढं मूळ.

"हे जिवंत आहे," ते म्हणाले.

"हो काका."

"घड्याळाचा तोल सांभाळणारी बारीक स्प्रिंग अशीच असते. धरली तर मोडते, सोडली तर पळते." आणि त्यांनी ते रोप नव्या मातीत असं बसवलं की ते हललंसुद्धा नाही. मग दुसरं. मग तिसरं. दुपारपर्यंत एकशे बारा रोपं झाली. मोडलं एकही नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती आणि तिच्या शेजारी तो. दोघांचेही हात खाली लोंबत होते, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. ते बोटभर अंतर तिला दिवसभर पुरलं.

पुढे आठवडाभर बाबा रोज विचारत, "माझी रोपं कशी आहेत? कुठे ठेवलीत? ऊन लागतं का?" ती सांगायची. त्यांचं समाधान व्हायचं नाही.

आठव्या दिवशी ती कामावरून आली तर खुर्ची रिकामी होती.

तिने न्हाणीघर पाहिलं, ओसरी पाहिली, आणि मागच्या दाराशी पोचली तेव्हा एका हाताने तिला अडवलं. तो दाराआड उभा होता.

"थांबा," तो अगदी हळू म्हणाला. "हाक मारू नका."

खडी करकरली. बाबा वाटेवर होते, एकटे. एक हात दोरावर, एक पुढे. गाठीपाशी थांबले, हात लांबवला, पुदिन्याचं पान चुरगळून नाकाशी नेलं आणि मान हलवली, जशी ते पूर्वी घड्याळ कानाशी धरून हलवायचे. पुढे विटा. पावलांचा आवाज बदलला तसे त्यांचे खांदे सैल झाले. तीन गाठींपाशी त्यांनी खणात हात घातला आणि आपण लावलेली रोपं एकेक बोटाने मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. ते कुणाला शोधत नव्हते, कशाला धडकत नव्हते. त्या हिरव्या अंगणाच्या मधोमध तिचे वडील असे उभे होते, जसा घरधनी आपल्या घरात उभा राहतो.

तिला रडू आलं, पण आवाज आला नाही. तिचा हात कधी त्याच्या हातात गेला, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

"साहेब, दारात उभी आहेस ना?" बाबांनी तिकडूनच विचारलं. "एकशे नऊ आहेत. तीन कुठे गेली?"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाबांचे डोळ्यांचे डॉक्टर स्वतः बाग बघायला आले. दोर धरून, डोळे मिटून शेवटपर्यंत चालले, आणि बाकड्यावर बराच वेळ बसून राहिले. जाताना माळीबुवाला म्हणाले, "दुसऱ्या शहरात आमचं मोठं रुग्णालय आहे. तिथे अशी बाग हवी. चार महिने तिथे राहावं लागेल."

त्याने ही गोष्ट तिला सांगितली नाही. दोन आठवडे तो नुसता येत राहिला. कामं संपली होती, तरी येत होता. शेवटी बाबांनीच विषय काढला.

"साहेब, हा माणूस पंधरा दिवसांपासून एकच कुंडी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ठेवतोय. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. त्याला काय झालंय ते विचार."

ती विचारायला गेली. संध्याकाळची वेळ होती. तो दोडक्याच्या मांडवाखाली उभा होता. वेल आता छतासारखी पसरली होती आणि पानांआड कळ्या फुगल्या होत्या.

"बसा जरा," तो म्हणाला. "ही कळी आता उमलेल. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि बघत बसलं तर डोळ्यांदेखत."

"बसते. आणि तुम्ही काय लपवताय ते सांगा."

त्याने सांगितलं. चार महिने. परवा निघायचं. ती ऐकत होती आणि कळीकडे बघत होती.

"जायलाच हवं," ती म्हणाली. "तिथे किती जण खुर्चीत बसून असतील."

"हो."

"मग इतके दिवस कुंडी का हलवत होतात?"

त्याने कळीवरचं एक पान बाजूला सारलं. म्हणाला, "लोकांनी दोडक्याला उगाच बदनाम केलंय. लाडका आणि दोडका म्हणे. एवढं सुंदर फूल, आणि नाव नावडत्याला."

"विषय बदलू नका." तिने कळीवरची नजर काढली. "मी कोण... ते सांगून जा. लाडकी की दोडकी?"

तो वळला. नेहमी मिस्कील असणारा तो बारीक डोळा आता नुसता तिच्याकडे बघत होता, जसा त्या दिवशी भिंगात बघत होता. गप्प. थक्क.

"साहेब," तो म्हणाला, "मी सकाळी डोळे उघडतो तेव्हा पहिला विचार येतो, आज तिला काय दाखवू? एवढंच येतं मला. चार महिने कुणाला दाखवू, हे कळत नव्हतं. म्हणून कुंडी हलवत होतो."

"पत्रात दाखव," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते तिलाही कळलं नाही. "रोज एक. आणि चार महिन्यांनी स्वतः ये. मग जन्मभर दाखवत बस, मी कंटाळणार नाही."

"लेखी देतेस?"

"साहेब आहे मी. तोंडी हुकूम पुरतो."

त्याने तिचे दोन्ही हात आपल्या मातकट हातांत घेतले. मांडवाखाली उजेड हिरवा-पिवळा झाला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग भुशावर मऊ पावलं वाजली आणि बाबा दोर धरत येऊन बाकड्यावर टेकले.

"उमललं का फूल?" त्यांनी विचारलं.

दोघांनी दचकून वर पाहिलं. फूल केव्हाच उमललं होतं. पाच पिवळ्या पाकळ्या पूर्ण उघडून, शांतपणे झुलत होत्या.

"कसं उमललं? सांगा की."

उत्तर आलं नाही. बाबांना हसू फुटलं. "म्हणजे दोघांनीही पाहिलं नाही. समोर बसून. आणि आंधळा मी." ते जरा थांबले. मग म्हणाले, "बरं झालं हो. फार बरं झालं." त्यांनी हात वर करून पानांमध्ये चाचपलं. "इथे अजून एक कळी आहे, टचटचीत. या, आता तरी बघा."

ती बाबांच्या एका बाजूला बसली, तो दुसऱ्या. बाबांनी कळीच्या देठाशी बोटाचं पेर टेकवलं, इतकं हलकं की कळीला भार वाटू नये. वारा पडला होता. कळी तशीच होती, मिटलेली, हिरवट, न हलणारी. तिला वाटलं, आज काही ही उमलत नाही.

"आता," बाबा म्हणाले.

आणि क्षणभराने पहिली पाकळी सुटली.